आतड्याच्या आजारांवर कॅनाबिनॉइड्स: खरंच उपयोग आहे का?

अबोली२
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स (आतड्याचा जुनाट दाह) आहे. निदान होऊन बरीच वर्षं झाली. स्टेरॉइड झाले, अझाथायोप्रीन (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) चालूच आहे, जोडीला बायोलॉजिकचं (दाहाचे संदेश अडवणाऱ्या प्रथिनाचं) इंजेक्शन. रिपोर्ट पूर्वीपेक्षा बरे येतात, पण पोटात येणाऱ्या कळा, मळमळ आणि अन्नावरची उडालेली वासना यांनी तो पार कावलाय. तो राहतो तिथे गांजापासून केलेली कॅनाबिनॉइड औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवर रीतसर मिळतात. त्याच्या रुग्णगटातल्या दोघातिघांनी सांगितलं की सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) असलेल्या तेलाने चांगला फरक पडला. एकाने तर म्हणे बाकीची सगळी औषधं सोडून दिली आणि मजेत आहे. आता भावाच्या डोक्यात तेच घोळतंय.

मी शोधाशोध केली, पण एका पानावर चमत्कार आणि दुसऱ्या पानावर सर्वनाश, मधलं काही सापडेना. इथे डॉक्टर आहेत, संशोधक आहेत, स्वतः हे आजार भोगणारेही आहेत. मला इतकंच कळून घ्यायचंय: याने आतडं बरं होतं, की नुसतं बरं वाटतं?

जठराग्नी
शीर्षक वाचून आधी धागा आरोग्य विभागात आहे की विरंगुळ्यात, ते तपासून घेतलं. (ह. घ्या.)
अबोली, भावाला शुभेच्छा. मी जुना आयबीएसवाला (तपासणीत काही न दिसता पोट बिघडवणारा आजार), त्यामुळे खुर्ची ओढून बसलोय. दाराजवळची. सवय आहे.

व्यवस्थापक
चर्चेला हरकत नाही. कायदे देशागणिक वेगळे आहेत, तेव्हा कुठे मिळेल, कसं मागवावं, घरी कसं बनवावं यावरचे प्रतिसाद उडवले जातील. वैद्यकीय सल्ल्याला इथली चर्चा पर्याय नाही.

पेशीपुराण
अबोलीताई, मी डॉक्टर नाही, औषधशास्त्रात काम करतो. उपचारावर बोलणार नाही, पण ही भानगड मुळात आतड्यापर्यंत पोचते कशी ते सांगतो.

टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, याची रचना राफाएल मेकुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली उलगडली. तो शरीरात कुठे जाऊन बसतो हे कळायला मात्र पुढची पंचवीसेक वर्षं गेली. सीबी१ या ग्राहीचं (पेशीवरची जागा, जिथे असा रेणू येऊन बसतो) जनुक १९९० मध्ये हाती लागलं, सीबी२चं १९९३ मध्ये. ग्राही शरीरात आहे म्हणजे तिथे बसणारं काहीतरी शरीर स्वतःही बनवत असणार. त्यातलं पहिलं, आनंदमाइड, १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूत मिळालं. दुसरं, टू-एजी, १९९५ साली मिळालं, आणि ते कुठे मिळालं? कुत्र्याच्या आतड्यात. म्हणजे पोटाचा संबंध कोणी मागाहून चिकटवलेला नाही.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतंत्र जाळं असतं. तिथल्या तंतूंच्या टोकांवर सीबी१ असतात. ते जागे झाले की असिटिलकोलीन सुटणं कमी होतं, म्हणून आतड्याची हालचाल मंदावते आणि पाझरही कमी होतो. सीबी२ मुख्यतः प्रतिकारपेशींवर असतात आणि दाह वाढवणाऱ्या संदेशांना आवर घालतात. २००४ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात, ज्यांचं सीबी१चं जनुक काढून टाकलं होतं त्यांना रसायनाने घडवलेला कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) जास्त जोराचा झाला. शरीराच्या स्वतःच्या कॅनाबिनॉइड्सचं तिथे राखणीचं काही काम असावं, असा त्याचा अर्थ.

पण शरीर हे रेणू गरज पडेल तिथे, गरजेपुरते, जागच्या जागी बनवतं आणि लगेच मोडूनही टाकतं. ठिबक सिंचनच म्हणा. आपण बाहेरून औषध घेतो तेव्हा शेतात पाट सोडतो. मेंदूपासून मोठ्या आतड्यापर्यंत सगळं एकदम भिजतं.

टोकदार
उंदरांचा कोलायटिस बरा करणारी औषधं मोजायला बसलो तर धागा संपेल. माणसांवरचा विदा (आकडेवारी) आहे का? नसेल तर एवढं पुराण कशाला.

पेशीपुराण
@टोकदार, आयडीतच पुराण आहे, काय करणार. विदा आहे. थोडा आहे आणि गोंधळात टाकणारा आहे. पण तो @चाळीशीचा_चष्मा यांनी मांडला तर बरं, त्यांचं रोजचं काम आहे.

उगाच_एक
मी तर म्हणतो निसर्गाने दिलेली वनस्पती आहे, त्यात अपाय कसला? मोठ्या औषध कंपन्यांना हे दाबून ठेवायचंय. लोक झाडपाल्याने बरे झाले तर त्यांची दुकानं बंद होतील ना!

टोकदार
धोत्राही निसर्गानेच दिलाय. कधी येताय जेवायला?

जठराग्नी
=)) टोकदार यांना आजचं आयडीसार्थक पदक.

चाळीशीचा_चष्मा
@उगाच_एक, दाबून ठेवायचं असतं तर कंपन्यांनी १९८५ सालीच या औषधांना मान्यता कशाला मिळवली असती? ड्रोनाबिनॉल म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसीच, आणि नॅबिलोन हे त्याच्याशी साधर्म्य असलेलं संयुग. दोन्हींना अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्था) त्या वर्षी मंजुरी दिली, केमोथेरपीच्या उलट्या इतर औषधांना दाद देत नसतील तर वापरायला. पुढे १९९२ मध्ये एड्सच्या रुग्णांची भूक आणि वजन घटतं त्यासाठी ड्रोनाबिनॉलला परवानगी मिळाली. म्हणजे पोटाच्या तक्रारींसाठी या औषधांना चाळीस वर्षांपासून अधिकृत मान्यता आहे. तिथे पुरावाही बऱ्यापैकी आहे. केमोच्या नेहमीच्या औषधांनंतरही उलट्या होणाऱ्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली. तिचे पहिले निष्कर्ष २०२० मध्ये आले. टीएचसी आणि सीबीडी सम प्रमाणात असलेल्या कॅप्सूलने २५ टक्के रुग्णांच्या उलट्या पूर्ण थांबल्या, प्लासिबोवर (औषध नसलेल्या कॅप्सूलवर) १४ टक्के. गुंगी, चक्कर जास्त होती, तरीही बहुतेकांनी कॅप्सूलच पसंत केली.

अबोली, तुमचा प्रश्न क्रोन्सचा आहे, तिकडे येतो. दवाखाना सुटल्यावर सविस्तर लिहितो.

मुक्काम_अनिश्चित
तोवर माझा अनुभव. मलाही क्रोन्स आहे, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. जिथे राहते तिथे कायदेशीर आहे, माझ्या डॉक्टरांना माहीत आहे, फाइलवर नोंद आहे. रात्री झोपताना थोडं टीएचसी असलेलं तेल घेते. फायदा काय? झोप लागते. कळ येते, पण ती आली म्हणून जग थांबत नाही. सकाळी भूक लागते, आणि भूक लागणं ही काय चीज आहे ते ज्याची गेलीय त्यालाच कळेल.

आतडं बरं झालं का? नाही. तेल सुरू करून बराच काळ लोटल्यावरही शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातल्या दाहाची खूण) चढंच होतं आणि दुर्बिणीत व्रण जिथल्या तिथे दिसले. मग बायोलॉजिक बदललं, तेव्हा आकडे उतरले. तेल तेव्हाही चालू होतं, आजही आहे. दोघांची कामं वेगळी आहेत आणि मला दोन्ही हवी आहेत.

टोकदार
अनुभवाचा आदर आहे, पण झोप लागते, भूक लागते, बरं वाटतं हे तर गांजाबद्दल कोणीही सांगेल. त्याला औषध म्हणायचं का?

मुक्काम_अनिश्चित
टोकदार, तुम्ही कधी दिवसातून पंधरा वेळा शौचाला जाऊन मग ऑफिसच्या बैठकीत बसला आहात का? दाह कमी करतं तेच औषध आणि वेदना कमी करतं ती नशा, ही विभागणी निरोगी माणसालाच परवडते. पॅरासिटामॉल ताप आणणाऱ्या जंतूला हात लावत नाही. ते तुम्ही घेत नाही का?

टोकदार
मुद्दा मान्य. पण पॅरासिटामॉलने जंतू मेला असं कोणी रुग्णगटात सांगत फिरत नाही. अबोलीच्या पहिल्याच परिच्छेदात सगळी औषधं सोडलेला गृहस्थ आहे. माझा राग त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही.

मुक्काम_अनिश्चित
त्या गृहस्थाबाबत +१.

चाळीशीचा_चष्मा
आलो. वरच्या दोघांचं भांडण चाचण्यांमध्येही जसंच्या तसं दिसतं.

क्रोन्सवरची पहिली प्लासिबो-नियंत्रित चाचणी इस्रायलमध्ये झाली, २०१३ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण फक्त २१. निम्म्यांना टीएचसीयुक्त गांजाच्या सिगरेटी, निम्म्यांना टीएचसी काढून घेतलेल्या. आठ आठवडे. लक्षणांचा गुणांक भरपूर खाली आला असे रुग्ण गांजाच्या गटात ११ पैकी १०, प्लासिबोत १० पैकी ४. या आकड्यावर इंटरनेट अजून जगतंय. पण चाचणीचं मुख्य उद्दिष्ट होतं पूर्ण रेमिशन, म्हणजे आजार शांत होणं. ते ५ विरुद्ध १ असं निघालं आणि एवढ्या लहान गटात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलं नाही. शिवाय नशा चढतेय की नाही हे रुग्णाला कळतंच, मग कोणत्या गटात आहोत हे झाकून कसं राहणार? आणि क्रोन्सचा हा गुणांक ठरतो मुख्यतः कशावर, तर पोटदुखी किती, शौचाला किती वेळा, एकंदर कसं वाटतंय. या तिन्हींवर टीएचसीचा असर होतोच, दाह तसूभर कमी न होता.

त्याच देशात २०१७ मध्ये नुसतं सीबीडी, १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असं देऊन पाहिलं. काहीही फरक नाही. डोस फारच कमी होता हा आक्षेप रास्त आहे. मग २०२१ मध्ये सीबीडी जास्त आणि टीएचसी कमी असलेलं तेल ५६ रुग्णांना आठ आठवडे दिलं, अर्थात निम्म्यांना प्लासिबो. लक्षणं आणि जीवनमान यांत लक्षणीय सुधारणा. दुर्बिणीतलं चित्र, सीआरपी (रक्तातली दाहाची खूण), कॅलप्रोटेक्टिन यांत फरक नाही. अबोली, तुमच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला तरी माहीत नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला व्रण पाडणारा दाह) सीबीडीप्रधान अर्काची ६० जणांवरची चाचणी २०१८ मध्ये आली. रेमिशन अर्काच्या गटात २८ टक्के, प्लासिबोत २६. त्याच वर्षी कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी दोन्ही आजारांवरचे अभ्यास दोन वेगळ्या समीक्षांत तपासले आणि ठाम निष्कर्ष काढता येत नाही असं लिहिलं.

शंकासुर
प्लासिबोवर २६ टक्के रेमिशन?? मग प्लासिबोच द्या ना चिठ्ठीवर.

चाळीशीचा_चष्मा
देता आलं असतं तर बरं झालं असतं. पण हसण्यावारी नेऊ नका. कोलायटिसचा भर आपोआप ओसरतो, परत येतो. तेल सुरू केलं आणि महिन्यात बरं वाटलं असं चारजण सांगतात, त्यातला एखादा काहीही न घेता बरा झाला असता. कोण, ते कोणालाच सांगता येणार नाही.

शंकासुर
मी एक भलतंच वाचलं होतं. कॅनडातला २०१४ चा अभ्यास, ३१३ आयबीडी (क्रोन्स आणि कोलायटिस) रुग्णांचा. क्रोन्सच्या ज्या रुग्णांनी सहा महिन्यांहून जास्त काळ गांजा वापरला त्यांना शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता बरीच जास्त दिसली, पाचपटीच्या घरात. म्हणजे उलट नुकसानच की.

पेशीपुराण
कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊ शकते. ज्यांचा आजार मुळात उग्र, तेच वेदनेपोटी गांजाकडे वळणार आणि तेच शस्त्रक्रियेलाही जाणार.

टोकदार
किंवा बरं वाटतंय म्हणून डॉक्टरकडे जायला उशीर करणार, आणि तोवर आतडं आखडून अरुंद होणार.

चाळीशीचा_चष्मा
दोन्ही शक्य आहे, त्या अभ्यासावरून निवाडा होत नाही. टोकदार म्हणतात तसे रुग्ण मी पाहतो, एवढं सांगतो. क्रोन्समध्ये वेदना आणि दाह हातात हात घालून चालत नाहीत. आत जोरात पेटलेलं असून फारसं न दुखणारे रुग्ण असतात, आणि दाह पूर्ण शमूनही कळा येत राहणारेही. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला माझा कॅनाबिनॉइडला विरोध कमी असतो. अबोलीचा भाऊ कोणत्या प्रकारात, हे आधी पाहायला हवं. रिपोर्ट 'पूर्वीपेक्षा बरे' म्हणजे नेमके किती?

रात्रपाळी
मी आपत्कालीन विभागात काम करते. कोणीच अजून उलट्यांचा सिंड्रोम काढला नाही, म्हणून लिहिते.

वर वाचलंत की टीएचसीने उलट्या थांबतात. बरोबर आहे. पण बरीच वर्षं जवळपास रोज गांजा घेणाऱ्या काही लोकांना त्यानेच न थांबणाऱ्या उलट्या सुरू होतात. कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम. २००४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड हिल्स भागातल्या मोजक्या रुग्णांवरून याचं पहिलं सविस्तर वर्णन आलं. ओळख काय? रुग्ण सांगतो की कढत पाण्याखाली उभं राहिलं की बरं वाटतं. दिवसातून कितीतरी वेळा, तासतास. एकजण आमच्याकडे कातडी लाल करून घेऊन आला होता, भाजलं की काय असं वाटलं. उलट्यांवर आपण नेहमी देतो ते ओंडान्सेट्रॉन इथे बरेचदा लंगडं पडतं. हॅलोपेरिडॉल (एरवी मनोविकारांवरचं औषध) त्यापेक्षा सरस ठरल्याची एक छोटी चाचणी आहे. पोटावर कॅप्सायसिनचं मलम चोळूनही काहींना उतार पडतो.

खरा उपाय एकच, गांजा पूर्ण बंद. आणि तोच रुग्णाला पटत नाही, कारण 'मळमळीवर मी गांजाच तर घेतो!' उलटी झाली की आणखी घेतात. दरम्यान स्कोपी होते, स्कॅन होतात, क्वचित पित्ताशय काढलं जातं, आणि तो प्रश्न कोणी विचारतच नाही.

जठराग्नी
मिरचीतला तो कॅप्सायसिन? पोटावर बाहेरून?

पेशीपुराण
तोच. टीआरपीव्ही१ नावाची एक ग्राही आहे, ती भाजणाऱ्या उष्णतेलाही जागी होते आणि कॅप्सायसिनलाही. म्हणून कढत पाणी आणि ते मलम यांचा धागा एक असावा असा तर्क आहे. आनंदमाइडही याच ग्राहीवर बसतं. रोजच्या माऱ्याने ही सगळी व्यवस्था बधिर होत असावी.

मुक्काम_अनिश्चित
रात्रपाळी, हे मला माझ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. मळमळ वाढली तर डोस वाढवायचा नाही, फोन करायचा. क्रोन्सवाल्याला मळमळ असतेच, त्यामुळे दोन्हींतला फरक घरच्या घरी कळणं कठीण.

रात्रपाळी
तुमच्या डॉक्टरांना सलाम. बहुतेकजण हे वाक्य पहिल्यांदा आमच्याच खाटेवर ऐकतात.

जठराग्नी
बरं, आम्हा आयबीएसवाल्यांना या पंगतीत काही आहे की नाही? आमच्या दुर्बिणीत कधीच काही दिसत नाही, त्यामुळे 'नुसतं बरं वाटणं' हाच आमच्यासाठी बरं होणं!

पेशीपुराण
हा मुद्दा विनोदात निघाला तरी बिनतोड आहे. पण पुरावा निराशाजनक आहे. ड्रोनाबिनॉलने उपाशीपोटी मोठ्या आतड्याची हालचाल कमी झाल्याचं २०११ मध्ये दिसलं. म्हणून पुढे जुलाबप्रधान आयबीएसवाल्यांना देऊन पाहिलं, तर अन्नाच्या पुढे सरकण्याच्या वेगात फरक पडला नाही. सीबीडीचं च्युइंगगम ३२ स्त्रियांना दिलं, वेदनेत प्लासिबोपेक्षा वेगळं काही नाही. फक्त सीबी२वर बसणारं, म्हणजे नशा न आणणारं, ओलोरिनॅब नावाचं औषध मोठ्या आशेने चाचणीत उतरवलं होतं. त्यानेही मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने २०१७ च्या जाडजूड अहवालात आयबीएससाठी पुरावा अपुरा असल्याचं नोंदवलं आहे.

एक लहानसा किरण आहे. पामिटॉइलइथेनॉलअमाइड, थोडक्यात पीईए. आनंदमाइडचाच भाऊबंद, शरीर बनवतं, नशा नाही. पॉलिडेटिन या वनस्पतीतल्या संयुगासोबत ५४ आयबीएस रुग्णांना दिलं तेव्हा पोटदुखी कमी झाली. हे २०१७चं. गंमत म्हणजे ज्या मास्ट पेशींवर (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) त्याचा असर होईल असा अंदाज होता, त्यांची आतड्यातली संख्या जशीच्या तशी राहिली.

जठराग्नी
म्हणजे दुखणं गेलं आणि कारण कळलं नाही. आयबीएसची अख्खी कुंडली या वाक्यात आली.

चाळीशीचा_चष्मा
जठराग्नी, असंच एक कोडं जठराचं. गॅस्ट्रोपरेसिस, म्हणजे जठर वेळेवर रिकामं न होणं. तिथे सीबीडी देणं म्हणजे मंदावलेल्याला आणखी मंद करणं, निदान कागदावर. २०२३ मध्ये ४४ रुग्णांवरच्या चाचणीत खरंच जठर आणखी सावकाश रिकामं झालं. आणि लक्षणं? ती सुधारली! उलट्या कमी, पानातलं संपवता येऊ लागलं. यंत्राने मोजलेलं एक, पोटाने सांगितलेलं दुसरं.

पेशीपुराण
उलटा पुरावाही आहे. सीबी१ बंद करणारं औषध दिलं तर? रिमोनाबँट. लठ्ठपणावर २००६ मध्ये युरोपात आलं. भूक कमी झाली, वजनं उतरली. पण मळमळ आणि जुलाब झाले, आणि त्याहून गंभीर म्हणजे नैराश्य आणि आत्महत्येचे विचार. २००८ मध्ये बाजारातून गेलं. सीबी१ला हात लावला की पोट आणि मन दोन्ही हलतात, हा धडा तिथे महागात मिळाला. म्हणून आता मेंदूत न शिरणारी, फक्त आतड्यापुरती संयुगं, किंवा शरीरातलं आनंदमाइड मोडणाऱ्या एन्झाइमला रोखणारी औषधं यांचा शोध चालू आहे. मला विचाराल तर खरी आशा तिकडे आहे, तेलाच्या बाटलीत नाही.

उगाच_एक
पण मी म्हणतो, शेजारच्याला तेलाने फरक पडला हे डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या चाचण्यांपेक्षा डोळे खरे.

शंकासुर
बाटलीत काय होतं तेही डोळ्यांनी पाहिलं का? २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली. लेबलावर लिहिल्याइतकं सीबीडी जेमतेम ३१ टक्क्यांत निघालं. बाकीच्यांत कमी किंवा जास्त. आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं. ज्याला शेजारी साधं सीबीडी समजत होता ते नेमकं काय होतं, देव जाणे.

टोकदार
म्हणून फरक पडला असेल. भलताच.

अबोली२
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भावाला धागा पाठवला. मुक्काम_अनिश्चित यांचा पहिला प्रतिसाद वाचून तो म्हणाला, 'ही बाई माझ्याबद्दलच लिहितेय.' चष्मा डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सीआरपी आता ठीक आहे, कॅलप्रोटेक्टिन अलीकडे केलेलंच नाही, तो टाळतोय. (नमुना द्यायचा कंटाळा. चाळिशीला आला तरी.)

आता तो औषधं सोडणार नाही म्हणतोय. पण चालू असलेल्या औषधांसोबत सीबीडी घेतलं तर काही बिघडतं का? आणि पोटातून घ्यायचं की ओढायचं?

चाळीशीचा_चष्मा
आधी ती शौचाची तपासणी, तेलाच्या आधी. नाहीतर पुढे फरक कशाशी ताडून बघणार? कॅलप्रोटेक्टिन चढं निघालं तर प्रश्न बायोलॉजिकच्या डोसचा आहे, तेलाचा नाही. उतरलेलं असेल आणि तरी कळा येत असतील, तर आखडलेला भाग, जिवाणूंची अवाजवी वाढ, पित्तक्षारांमुळे होणारे जुलाब हे सगळं तपासून मग वेदनेच्या उपायांकडे वळायचं.

बायोलॉजिक मध्येच सोडण्याबद्दल, त्या गृहस्थासाठीही सांगतो. इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध बंद करून पुन्हा सुरू केलं तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवण्याची शक्यता वाढते. मग तेच औषध परत लागू पडेल याची खात्री राहत नाही, इंजेक्शनच्या वेळी तीव्र प्रतिक्रियाही येऊ शकते. आज मजेत असणं स्वस्त नाही.

सोबत घेण्याबद्दल: सीबीडी यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइम्सच्या कामात अडथळा आणतं. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं) किंवा वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं) चालू असेल तर त्यांची रक्तातली पातळी किंवा असर वाढू शकतो. भावाच्या यादीत ती दोन्ही दिसत नाहीत, पण अझाथायोप्रीन आहे. ते स्वतः यकृताला तापदायक ठरू शकतं आणि जास्त डोसचं सीबीडीही यकृताची एन्झाइम्स चढवतं. तेव्हा रक्ततपासण्या कमी अंतराने कराव्या लागतील. अपस्मारासाठी २०१८ मध्ये मंजूर झालेल्या सीबीडीच्या औषधाचे नेहमीचे दुष्परिणाम काय आहेत माहितीये? गुंगी, भूक मंदावणे आणि जुलाब. क्रोन्सवाल्याला हे तिन्ही नकोत.

ओढण्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे: नको. तंबाखूचा धूर क्रोन्स बिघडवतो हे पक्कं आहे, आणि बरेचजण दोन्ही मिसळून ओढतात.

पेशीपुराण
पोटातून घेतलं तर एक व्यावहारिक अडचण. यकृत पहिल्याच फेरीत बराचसा भाग मोडतं, असर दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून लोक दुसरा डोस घेतात आणि मग दोन्ही एकदम चढतात. सीबीडी भरपूर स्निग्ध जेवणासोबत घेतलं तर रक्तात उपाशीपोटीपेक्षा चारपाचपट पोचतं. म्हणजे तोच डोस, रोज वेगळं औषध. त्यातून ज्याचं लहान आतडं सुजलेलं किंवा कापलेलं, त्याचं शोषण किती होईल ते आणखी अनिश्चित.

मुक्काम_अनिश्चित
अबोली, भावाला सांगा की मी रोज एकाच वेळी, जेवणाशी ठरावीक अंतर ठेवून घेते ते याचसाठी. आणि वही ठेवते. वेदना, झोप, शौच, डोस. डॉक्टर ती वही खरंच वाचतात. सुरुवातीचे दिवस गाडी चालवायची नाही हेही सांगा, मला सकाळी उशिरापर्यंत जड वाटायचं. आणि नमुन्याचा कंटाळा सगळ्यांनाच असतो म्हणावं, मुकाट्याने दे.

रात्रपाळी
आणखी एक राहिलं. कोलोनोस्कोपी असेल तेव्हा भूल देणाऱ्यांना हे सांगायलाच हवं. कोलोरॅडोमध्ये २०१९ साली एंडोस्कोपीच्या २५० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नियमित गांजा घेणाऱ्यांना प्रोपोफॉल हे भुलीचं औषध इतरांच्या तिपटीहून जास्त लागल्याचं दिसलं. शिवाय टीएचसीने जठर सावकाश रिकामं होतं, म्हणजे उपास धरूनही पोटात काही उरलेलं असू शकतं. लाजून लपवतात लोक, आणि अर्धवट गुंगीत हातपाय झाडतात. आम्ही पोलिसांत देत नाही हो, डोस ठरवायला विचारतो.

शंकासुर
नुसतं सीबीडी घेणाऱ्यालाही हेच लागू?

रात्रपाळी
तो अभ्यास गांजा घेणाऱ्यांचा होता, त्यावरून सीबीडीचं गणित मांडता येणार नाही. पण बाटलीत काय निघेल ते तुम्हीच वर लिहिलंय. फॉर्मवर लिहावं.

अबोली२
त्याची स्कोपी पुढच्याच महिन्यात आहे. फॉर्मचं सांगितलं. नमुन्याचा डबा आणलाय म्हणतो, आणलाय एवढंच.